बटण सोडले, की ऐकू येते

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा माझ्या हाताखाली तीस माणसे होती आणि माझ्या सहीला थोडेफार वजन होते. त्यानंतर चार वर्षांनी मुंबईतील एका परीक्षागृहात मी तेरा वर्षांच्या एका मुलासोबत बिनतारी संदेशवहनाचा पेपर लिहीत बसलो होतो. तो मुलगा माझ्या थोरल्या बंधूंचा नातू. पर्यवेक्षकांनी ओळखपत्र पाहताना माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, "परीक्षा नक्की कोणाची आहे?" मी म्हणालो, "दोघांचीही." या हकिकतीची सुरुवात मात्र परीक्षेपासून होत नाही, ती एका अबोल्यापासून होते.

सांगलीच्या गणपती पेठेत आमची हळदीची आडत. वडिलांच्या पश्चात ती अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी सांभाळली. मी एम.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि बदल्यांच्या मागे फिरत अखेर पुण्यात स्थिरावलो. २०१३ साली वाटणीचा विषय निघाला तेव्हा मी पेढीच्या वह्या पाहायला मागितल्या आणि शाखा-तपासणीला आल्याच्या थाटात एका वर्षाच्या खतावणीवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या. रक्कम फार मोठी नव्हती. तिचा खुलासा अण्णांपाशी होता. मी तो पुरता ऐकून घेतला नाही. "चाळीस वर्षं पेढी चालवली, आता धाकट्या भावाला जाब द्यायचा काय?" असे ते म्हणाले. मीही काही बोललो. खरे तर आम्ही दोघे एकाच वेळी बोलत होतो. त्यानंतर सहा वर्षे लग्नकार्यात आम्ही शेजारी बसलो, पंगतीत एकमेकांना आग्रह केला, परंतु आपणहून फोन कोणी केला नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पेठेत पाणी शिरल्याची बातमी दूरदर्शनवर पाहिली आणि सहा वर्षांनी मी अण्णांचा क्रमांक फिरवला. संपर्क होत नव्हता. वहिनींचा लागेना, पुतण्याचाही लागेना. वीज गेलेली, मोबाइलच्या बॅटऱ्या संपलेल्या, अनेक ठिकाणी यंत्रणाच बंद पडलेली. तीन दिवस मी तो क्रमांक फिरवत होतो. चौथ्या दिवशी पुतण्याने मिरजेहून कोणाच्या तरी फोनवरून कळवले, की घरच्या सर्वांना नावेतून बाहेर काढले आहे आणि सगळे सुखरूप आहेत. फोन ठेवल्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, सहा वर्षं तर फोन चालू होता." या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात बँकेतील एक जुने सहकारी घरी आले. ते अनेक वर्षे हॅम रेडिओ चालवतात, हे मला ऐकून ठाऊक होते. निवृत्त माणसाचा एखादा छंद, यापलीकडे मी त्याकडे पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी मला हा विषय नीट समजावून सांगितला. दोन माणसांजवळ प्रत्येकी एक संच, एक तार आणि एक बॅटरी असली, की मध्ये ना मोबाइलचा मनोरा लागतो, ना कोणती कंपनी. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप असो वा २६ जानेवारी २००१ चा भूजचा, फोन बंद पडलेल्या भागातून निरोप बाहेर पोहोचवण्यास हे हौशी रेडिओचालक धावून गेले होते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद हॅम रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली आणि हौसेसाठी नेलेले संच अंदमानातील माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवण्याच्या कामी आले. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हॅम होते, हे मला त्याच दिवशी कळले.

पूर ओसरल्यावर मी सांगलीला गेलो. पेढीत गुडघाभर चिखल होता. हळदीची पोती कुजून उग्र वास सुटला होता. आम्ही सगळे मिळून वह्या बाहेर काढत होतो, तेव्हा २०१३ च्या वादातील ती खतावणी अण्णांच्या हाती आली. पानांचा लगदा झाला होता. त्यांची शाई आणि माझी लाल पेन्सिल ओळखू येत नव्हती. अण्णांनी ती वही उचलून पाणी निथळू दिले आणि एक शब्द न बोलता बाकीच्या कचऱ्यात टाकली. मीही काही बोललो नाही. संध्याकाळी त्यांच्या नातवाला मी रेडिओची माहिती सांगत होतो. ती ऐकून अण्णा दुरूनच म्हणाले, "पोराला काही शिकवायचं असेल तर शिकव. फक्त हिशेब शिकवू नकोस." सहा वर्षांनंतर त्यांनी मला उद्देशून उच्चारलेले हे पहिले सरळ वाक्य होते.

अशा रीतीने आम्ही दोघे या विद्येत शिरलो. आपल्यापैकी कोणाला किंवा कोणाच्या मुला-नातवंडांना याची आवड असेल, तर आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे संच विकत घेण्याची घाई करू नये. बाजारात स्वस्त वॉकीटॉकी सहज मिळतात आणि दुकान ते गोदाम बोलण्यासाठी ते मागवण्याचा मोह व्यापाऱ्याला होतो. परंतु त्यांपैकी अनेक संच परवान्याशिवाय वापरणे गुन्हा आहे. हॅम रेडिओसाठी तर परवाना आधी आणि संच नंतर, हाच क्रम आहे. ऐकण्याची गोष्ट वेगळी. माझ्या गुरूंनी, म्हणजे त्या सहकाऱ्यांनी, पहिले सहा महिने मला केवळ ऐकायला लावले. त्यांचा जुना रिसीव्हर त्यांनी मला वापरायला दिला. घरच्या साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर हॅम मंडळींचे बोलणे बदकांच्या क्वॅकक्वॅकसारखे लागते, कारण ते सिंगल साइडबँड या पद्धतीने बोलतात. ते उलगडणारा रिसीव्हरच लागतो. सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या आसपास काटा हळूहळू फिरवला, की खरखरीतून एकेक आवाज वर येई. कोणी हुबळीचा, कोणी नागपूरचा, कोणी राजकोटचा. कोण केव्हा बोलतो, थांबतो केव्हा, दुसऱ्याला वाट कशी देतो, हे सारे ऐकूनच कळते. ३६ वर्षे मी समोरच्याचे म्हणणे पुरे व्हायच्या आत निर्णय सांगत आलो होतो. मला हे सहा महिने जड गेले.

दुसरी पायरी परीक्षेची. ती केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन ही शाखा घेते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला कोणीही भारतीय नागरिक बसू शकतो. वरच्या वयाला मर्यादा नाही, हे माझ्यासारख्यांना दिलासा देणारे आहे. श्रेणी दोन आहेत. 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्स लागत नाही. 'जनरल' श्रेणीसाठी मोर्सची कट्ट-कड मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने घेता आणि पाठवता यावी लागते. लेखी परीक्षेचे दोन भाग असतात, एक रेडिओचे तंत्र आणि दुसरा नियम. आम्ही रिस्ट्रिक्टेड श्रेणीला बसलो. तिला प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण आवश्यक होते.

टाळेबंदीच्या काळात रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आमचा अभ्यास चाले. नियमांची कलमे मी त्याला समजावून देई. रोध, धारित्र, कंपनसंख्या हे तो मला शिकवी. डेसिबल मला काही केल्या उमजेना. शेवटी त्यानेच युक्ती काढली. "आजोबा, हे चक्रवाढ व्याजासारखं आहे. ३ डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट, १० डेसिबल म्हणजे दसपट." ज्या विद्येवर मी पगार घेतला, तिच्याच वाटेने मला ती नवी गोष्ट कळली. त्या शिकवणीच्या वेळी मागे अण्णांची आरामखुर्ची दिसे. ते वर्तमानपत्र वाचत असत. पान मात्र फार वेळ उलटले जात नसे.

परीक्षेचा निकाल लागून, तपासणी होऊन परवाने हाती येण्यास काही महिने लागले. परवान्याबरोबर प्रत्येकाला आपली खूण मिळते, तिला कॉलसाइन म्हणतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीची खूण 'व्हीयू ३'ने सुरू होते, जनरलची 'व्हीयू २'ने, आणि पुढे प्रत्येकाची अक्षरे. जगभर ती खूण दुसऱ्या कोणाची नसते. पेढीच्या पाटीवर आडनाव असते, ते वाडवडिलांचे. ही खूण स्वतः मिळवलेली, म्हणून नातवाने ती घराच्या दारावर खडूने लिहून ठेवली.

तिसरी पायरी तारेची, म्हणजे अँटेनाची. नवशिक्याचा सगळा पैसा संचावर जातो आणि अँटेना दुर्लक्षित राहतो. ही चूक मीही केली. ७ मेगाहर्ट्झसाठी साधी तांब्याची तार पुरते: सुमारे २० मीटर लांब, मध्ये कापून दोन सारखे हात केलेली. मधला भाग बांबूवर उंच चढवायचा आणि दोन्ही टोके उतरती बांधायची. आमच्या सोसायटीत याला विरोध झाला. किरणोत्सर्ग होईल, टीव्ही बिघडेल, अशा शंका आल्या. मी कागद काढून वाद घालणार होतो; सौभाग्यवतींनी थांबवले. मग एका रविवारी सर्वांना गच्चीवर चहाला बोलावले, त्यांचे सगळे म्हणणे ऐकून घेतले आणि शेवटी परवाना दाखवला. परवानगी मिळाली.

तार बांधल्यावरही काम संपत नाही. तारेची लांबी जुळली नसेल, तर आपण पाठवलेली शक्ती आकाशात न जाता संचाकडे परत येते. ती मोजण्याचा आकडा असतो, त्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. तो १ असणे उत्तम. २ असेल तर सुमारे ११ टक्के शक्ती परत येते, आणि ३ झाला तर २५ टक्के. माझा पहिला आकडा ३ च्या वर होता. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर दर चार धनादेशांमागे एक न वटता परत येत होता. दोन दिवस टोकांची तार थोडी थोडी कापत गेलो, तेव्हा आकडा दीडच्या खाली उतरला.

पुणे-सांगली अंतर रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. हातात धरायचा ५ वॅटचा व्हीएचएफ संच एवढ्या लांब पोहोचत नाही. त्याच्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात आणि इमारती-डोंगरांनी अडतात. उंच डोंगरावरच्या रिपीटरची मदत मिळाली तरच त्यांची मजल वाढते. ७ मेगाहर्ट्झची लहर मात्र जवळजवळ सरळ वर जाते, आयनोस्फिअर नावाच्या वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून परतते आणि छत्रीसारखी भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरवर उतरते. मध्ये सह्याद्री असला तरी तिला फरक पडत नाही. आमच्या श्रेणीला ५० वॅटची मर्यादा आहे. दोन मोठ्या दिव्यांपेक्षाही कमी शक्तीत पुण्याचा आवाज आकाशाला टेकून सांगलीत उतरतो.

आता नियमांविषयी, कारण आपल्या घरांना ते विशेष वाटतील. हॅम रेडिओवर धंद्याची गोष्ट करता येत नाही. भाव विचारता येत नाही, सौदा करता येत नाही, जाहिरात करता येत नाही, पैसे घेऊन निरोप देता येत नाही. सांकेतिक भाषाही चालत नाही. कापडाच्या दुकानात खरेदीची किंमत अक्षरांच्या खुणेने लिहिण्याची किंवा बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत आपणांस परिचित आहे. इथे सगळे उघड. 'क्यू'ने सुरू होणारे जे संकेत हॅम वापरतात, ते जगाला ठाऊक असलेलेच आहेत: क्यूटीएच म्हणजे आपले ठिकाण, क्यूएसएल म्हणजे पोहोच मिळाली, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्थानकाचा अडथळा. निरोप घेताना '७३' म्हणायचे. त्याचा अर्थ शुभेच्छा. प्रत्येक संभाषणाची वेळ, कंपनसंख्या आणि समोरच्याची खूण नोंदवहीत लिहायची. पेढीचा रोजमेळ ज्याने पाहिला आहे, त्याला ही शिस्त शिकवावी लागत नाही.

पहिल्यांदा बोलण्याच्या दिवशी मात्र माझी फजिती झाली. शंभर-दोनशे माणसांसमोर भाषणे केलेला मी, माइकचे बटण दाबले आणि स्वतःची खूण विसरलो. पलीकडे सोलापूरकडचे एक ज्येष्ठ हॅम होते. ते शांतपणे म्हणाले, "घाई नाही, ओल्ड मॅन. श्वास घ्या आणि पुन्हा सांगा." हॅम मंडळी प्रत्येक पुरुषाला, वय काहीही असो, 'ओल्ड मॅन' म्हणतात. त्याच सकाळी माझ्या नातवालाही त्यांनी तसेच संबोधले, तेव्हा तो किती वेळ हसत होता!

त्यानंतर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. बटण दाबलेले असते तोवर आपला संच फक्त पाठवतो, ऐकत नाही. समोरच्यानेही त्याच वेळी बटण दाबले, तर दोघांचेही बोलणे हवेत जाते आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचे ऐकू येत नाही. वर प्रत्येकाला वाटत राहते, की आपण स्पष्ट बोललो. म्हणून आपले संपले की 'ओव्हर' म्हणावे आणि बटण सोडावे. क्षणभर थांबून, दुसऱ्याचे संपल्याची खात्री करून मगच पुन्हा दाबावे. हे ऐकताना मला २०१३ ची पेढीवरची ती दुपार आठवली. दोघांचीही बटणे दाबलेली होती आणि सोडायला कोणी तयार नव्हते.

गेले वर्षभर दर रविवारी सकाळी साडेआठला मी पुण्याहून आणि नातू सांगलीहून, असे आम्ही भेटतो. बोलणे साधेच: आवाज कसा येतो, पाऊस किती, कृष्णेची पातळी काय, त्याच्या अभ्यासाचे कुठवर आले. पुन्हा पूर आला, तर पेठेतील एका घरातून बॅटरीवर निरोप निघू शकेल, एवढी तयारी आता आहे. परवाना नसलेल्या माणसाने बटण दाबून बोलणे नियमात बसत नाही, म्हणून अण्णांना बोलता येत नाही. परंतु ऐकण्याला बंदी नाही. नातू सांगतो, की सव्वाआठलाच ते खुर्ची ओढून संचापाशी येऊन बसतात, आणि आपण आहोत हे मला सांगू नको म्हणतात.

मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी माझा मोबाइल वाजला. पडद्यावर 'अण्णा' हे नाव पाहून मी उभाच राहिलो. बारा वर्षांत ते नाव असे आपणहून उमटले नव्हते. प्रस्तावना नाही, क्षेमकुशल नाही, अण्णा म्हणाले, "तुझ्या वाक्याचा पहिला शब्द मला रोज ऐकू येत नाही. पोराचं बोलणं संपायच्या आतच तू सुरू करतोस. आधीपासूनची खोड आहे तुझी."

खुलासा माझ्या ओठांवर आला होता. त्या वेळी आकाशात खरखर होती, 'ओव्हर' म्हणायला नातवाने उशीर केला, असे बरेच काही सांगता आले असते. मी म्हणालो, "बरोबर आहे, अण्णा." आणि थांबलो.

पलीकडून अण्णा बराच वेळ बोलत होते.